बोटीवरची चाळ

“आवळासुपारी घेतलीय. लिंबं तिथेच बघू,” निघायच्या आदल्या रात्री आईने डोंबिवलीहून फोनवर सांगितले.

मी तिला दोनदा समजावले होते की ही बोट तसली नाही. पण आईची बोटीची व्याख्या पक्की आहे आणि ती साठ वर्षांपूर्वी मालवणच्या बंदरात ठरलेली आहे. आजोबा मुंबईला गिरणीत होते. पावसाळा सरला की बोट सुरू व्हायची. मालवणला ती खडकांमुळे किनाऱ्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राही. ट्रंका, वळकट्या, पोरे आणि कोंबड्या पडावात, म्हणजे लहान होडीत भरायच्या, पडाव लाटांवर वरखाली करत बोटीच्या कुशीला न्यायचा आणि शिडीवरच्या खलाशाने दंडाला धरून आत ओढून घ्यायचे. डेकवर चादर अंथरली की तेवढी जागा आपली. मग विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी करत मुंबई. आईला तेव्हा दर वेळी बोट लागायची. डोके आजीच्या मांडीवर, नाकाशी कापलेले लिंबू आणि तोंडात आवळासुपारी.

तर ही आई २०२४ मध्ये सत्तर पूर्ण झाल्यावर आमच्याकडे अटलांटाला आली आणि आम्ही तिला ‘आयकॉन ऑफ द सीज’वर न्यायचे ठरवले. जहाज तेव्हा अगदी नवे. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेले, जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेले. आम्ही गेलो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे रंगाचा वास गेला होता पण नवलाई टिकून होती. लांबी ३६५ मीटर, वीस डेक, खोल्या भरल्या की प्रवासी साडेपाच हजारांच्या पुढे, अगदी खच्चून भरले तर साडेसात हजार, वर २,३५० कर्मचारी. हे आकडे माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने तोंडपाठ केले होते आणि विमानात आजीला ऐकवले. आजीने सगळे ऐकून एवढेच विचारले, “आणि शिडी किती उंच?”

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी कोरडी माहिती आधीच उरकून टाकते. विमानाने जाणार असाल तर आदल्या दिवशीच मायामीत पोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. भारतीय पासपोर्टवर असाल तर अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा आत येऊ देणारा हवा, कारण जहाज देशाबाहेर जाते आणि तुम्ही पुन्हा देशात येता. बाकी सगळे फोनवरच्या अॅपमध्ये होते. पासपोर्टचा फोटो, स्वतःचा फोटो, कार्डाचा नंबर, बंदरावर यायची वेळ. आम्हाला साडेअकराची मिळाली. बॅगांना लावायच्या चिठ्ठ्या घरीच छापून नेल्या, बंदरावर हमालाने त्या बघून बॅगा ओढून नेल्या आणि आईचा जीव खालीवर झाला. पावती नाही, नंबर नाही, माणूस बॅग घेऊन गेला. तिने त्याचा चेहरा नीट लक्षात ठेवला.

हातातल्या सामानाची तपासणी झाली तेव्हा पट्टा थांबला. आईच्या पिशवीतून एक छोटी विजेची किटली निघाली. चहासाठी. मला पत्ताच नव्हता, आणि असता तरी मी नीट वाचले असते की नाही कोण जाणे. जहाजावर किटली, इस्त्री असल्या तापणाऱ्या वस्तू चालत नाहीत हे नियमांत सरळ लिहिलेले होते. समुद्रात सगळ्यात मोठी भीती आगीची. तिथल्या बाईंनी हसून किटली काढून घेतली, पावती दिली आणि सांगितले की परत आल्यावर मिळेल. किटलीच्या मुठीला आईने लाल दोरा बांधला होता, लग्नाच्या भांड्यांना बांधतात तसा, हरवू नये म्हणून. बॅगांची पावती नाही आणि किटलीची आहे, हे तिला उलटेच वाटले.

पुढचे इतके झटपट झाले की मलाच चुकल्याचुकल्यासारखे वाटले. एका खांबासमोर उभे राहायचे, कॅमेरा चेहरा ओळखतो, पुढे चला. वीसेक मिनिटांत आम्ही एका काचेच्या बंद पुलावरून चालत होतो. आई सारखी बाजूला बघत होती. पूल संपला, गालिचा सुरू झाला, कुणीतरी “वेलकम” म्हणाले आणि समोर तीन मजली उंच, दिव्यांनी चमकणारा बाजार उभा राहिला. दुकाने, कॉफी, पियानो, आणि मध्यभागी एक प्रचंड गोल, ज्याच्या पोटातून जिना वर जातो.

“बोट खंय?” आईने विचारले.

ती आनंदात किंवा घाबरली की मालवणीत शिरते. या वेळी काय होते ते मला कळले नाही.

“आई, आपण बोटीवरच आहोत.”

“कधी चढलो?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरेच, आपण बोटीवर चढलो असा एक क्षण तिथे येतच नाही.

त्या गोलाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण माझा नवरा बांधकामातला आहे आणि पुढची दहा मिनिटे तो तिथून हलला नाही. त्याला ‘पर्ल’ म्हणतात. आतून हजारो छोट्या फरश्या हलतात, रंग बदलतात, तो सगळा शोभेचा भाग. पण हा गोळा वरच्या मजल्यांचा भारही पेलतो, आणि त्यामुळेच या बाजाराला बाजूने उंचच उंच खिडक्या देता आल्या. पूर्वीच्या मोठ्या जहाजांवर असा बाजार पोटात असे, चारही बाजूंनी बंद. इथे बाहेरचे पाणी दिसते. “बघा आई, समुद्र,” नवरा म्हणाला. आईने काचेतून पाहिले. मायामी बंदराचे हिरवट, संथ पाणी, त्यावर तरंगणारे एक बूच आणि पलीकडे क्रेन.

“ही खाडी आहे,” आई म्हणाली.

खोल्या तयार व्हायला वेळ होता. म्हणून सगळे जे करतात तेच आम्ही केले, पंधराव्या मजल्यावरच्या बुफेत गेलो. पहिल्या दिवशी दुपारी तिथे जाऊ नये हे मला सगळ्यांनी सांगितले होते. सगळ्यांना सगळ्यांनी सांगितलेले असते आणि सगळे तिथेच असतात. आईने दोन लिंबाच्या फोडी रुमालात बांधून घेतल्या. लेक पाण्याच्या घसरगुंड्यांकडे पळाली. तिथे सहा घसरगुंड्या आहेत आणि शेजारी समुद्रापासून दीडशे फूट उंचीवर कडेने चालायचा, अंगाला पट्टे बांधून मध्येच लोंबकळायचा एक प्रकार आहे. त्याचे वेगळे पैसे. “पैसे देऊन लटकायचां?” आईने खात्री करून घेतली. या सगळ्या उद्योगांविषयी मी आणखी काही लिहीत नाही. ज्यांना आवडतात त्यांना फार आवडतात, माझी लेक सात दिवस तिथेच होती.

आता माझी चूक.

आरक्षण करताना मी दोन बाल्कनीवाल्या खोल्या घेतल्या होत्या, अकराव्या मजल्यावर, समोरासमोर नाही तर शेजारी. किंमत मी मनाशी धरली होती त्यापेक्षा बरीच कमी आली आणि मी स्वतःवर खूश होते. खोलीच्या नावात ‘पार्क व्ह्यू’ असे स्वच्छ लिहिलेले होते. मी ‘बाल्कनी’ तेवढे वाचले. आईच्या डोळ्यांसमोर सकाळी उठून समुद्र, हे चित्र मीच तिच्या डोक्यात भरवले होते. दाराबाहेर पाकिटात ठेवलेली कार्डे घेतली, दार उघडले, मी मोठ्या थाटात पडदा ओढला.

समोर झाडे होती. खाली, तीन मजले खोल, बाग. खरी माती, खरे वेल, वळणाची पायवाट, बाके. आणि बागेच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, दुसरी भिंत. त्या भिंतीवर ओळीने बाल्कन्या, वर बाल्कन्या, खाली बाल्कन्या. कुणी कठड्यावर ओले टॉवेल टाकलेले, कुणी खुर्ची बाहेर ओढून बसलेले, एक लहान मुलगा सळ्यांतून पाय बाहेर काढून बसलेला, एक माणूस बनियनवर फोनवर मोठ्याने बोलत असलेला.

या जहाजाची बांधणीच अशी आहे. पाण्याच्या रेषेत ते जवळजवळ ४८ मीटर रुंद आहे. एवढ्या रुंदीत कडेच्या खोल्या सोडल्या तर बाकीच्यांना उजेड कुठून द्यायचा? म्हणून वरचा अर्धा भाग मधून उभा चिरलेला आहे, दोन इमारती आणि मध्ये उघडे आकाश. २००९ मध्ये याच कंपनीच्या ‘ओअॅसिस’ जहाजावर ही युक्ती पहिल्यांदा केली गेली. आतल्या बाजूच्या खोल्यांनाही त्यामुळे बाल्कनी मिळते. समुद्र मात्र मिळत नाही.

मी बोलायला तोंड उघडले. आई कठड्याला टेकून डावीकडून उजवीकडे, वरून खाली बघत होती.

“अगं,” ती म्हणाली, “ही तर आपली चाळ.”

आणि होतीच. आजोबांची खोली लालबागला होती; दोन बाजूंना खोल्या, मध्ये अंगण, अंगणात औदुंबर, आणि गॅलरीत उभे राहिले की समोरच्या चौदा बिऱ्हाडांत आज काय शिजतेय ते कळायचे. मालवणच्या बोटीने माणसे मुंबईला यायची ती असल्या चाळींत उतरायची. आईने बोटीत बसून चाळ गाठली होती. आता चाळच बोटीत होती. मी खोली बदलून मिळेल का विचारते म्हटले तर तिने मला वेड्यात काढले. “समुद्रात काय बघायचंय? पाणी. इथे माणसं आहेत.”

पण दुपारी मी पाहिले, रुमालातली लिंबाची फोड तिने उशाशी काढून ठेवली होती.

जहाज सुटण्याआधी प्रत्येकाने सुरक्षेची माहिती घ्यायची असते. पूर्वी म्हणे सगळ्यांना एकदम डेकवर उभे करत. आता खोलीतल्या टीव्हीवर चित्रफीत बघायची आणि आपल्याला नेमून दिलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचे, की संपले. बहुतेक लोक हे हातात पेला घेऊन, चालता चालता उरकतात. मीही तसेच उरकणार होते. आईने ती चित्रफीत दोनदा पाहिली. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हे तिने लेकीकडून म्हणून घेतले. आमची जागा जेवणाच्या एका दालनात होती. तिथे पिवळे जाकीट घातलेल्या पोराने कार्ड टेकवून “ऑल डन” म्हटल्यावर ती हलेना.

“याला विचार, होड्या सगळ्यांना पुरतील ना?”

मी विचारले. त्याने गंभीरपणे, अगदी नीट उत्तर दिले की पुरतील, आणि वर खिडकीतून नारिंगी-पांढऱ्या लाइफबोटींची रांग दाखवली.

आईचा जन्म १९५४ चा. ‘रामदास’ बुडाली १७ जुलै १९४७ ला. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट, गटारी अमावास्या, सणाला घरी जाणारी माणसे, वादळी पाऊस. सहाशेहून जास्त माणसे गेली. जेमतेम १८० फुटांची बोट होती ती. आईने ते पाहिलेले नाही, पण कोकणात नंतर जन्मलेल्या कुठल्याही पोराला बोटीत चढवताना घरातले म्हातारे ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नसत. माझ्या पणजीने म्हणे पुढे कधी बोटीत पाय ठेवला नाही. मुंबईला नातवंडे झाली ती तिने गावाकडेच पाहिली. त्या पिवळ्या जाकिटातल्या पोराला यातले काही माहीत असायचे कारण नव्हते. आईने त्याच्या दंडावर थाप मारली आणि म्हणाली, “बरां हां.” त्यानेही मान डोलावली.

साडेचारच्या सुमाराला जहाज निघाले. निघाले हे आम्हाला कळले ते समोरची इमारत सरकू लागली म्हणून. ना धक्का, ना घरघर. आम्ही वरच्या उघड्या मजल्यावर कडेला जागा धरून उभे होतो. खाली तळाशी प्रत्येकी वीस मेगावॅटचे तीन पंखे फिरत होते, ते कोणत्याही दिशेला वळवता येतात, म्हणून एवढे धूड जागच्या जागी कूस बदलल्यासारखे धक्क्यापासून सुटते. वर ढोल-ताशांसारखा दणदणाट चालू होता, लोक नाचत होते. जहाज अरुंद वाटेने बाहेर निघाले. एका बाजूला साऊथ बीचच्या टोकाचा बगीचा, तिथे फिरायला आलेली माणसे आमच्याकडे हात हलवत होती, दुसऱ्या बाजूला फिशर आयलंडवरची श्रीमंत घरे. आम्ही त्यांच्या छपरांवरून बघत होतो. विसाव्या मजल्याच्या गच्चीवरून रस्ता बघावा तसे. आईने कुणाला हात केला नाही. “हयसून माणसाचा तोंड दिसत नाय,” म्हणाली.

बाहेरच्या दगडी बांधाची शेवटची टोके मागे पडली आणि पाण्याचा रंग बदलला. हिरव्याचा निळा, आणि निळ्याचा जवळजवळ शाईचा. मायामीच्या किनाऱ्याला लागूनच गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला प्रवाह वाहतो. तिथे खोली झपकन वाढते. तेवढ्यात एक छोटी होडी आमच्या दिशेने आली आणि जहाजाच्या अगदी कुशीला चिकटून, त्याच वेगाने पळू लागली. बंदरातून जहाज बाहेर काढून देणारा वाटाड्या, पायलट, त्याला परत न्यायला आलेली होडी. आम्ही वाकून बघत होतो. पाण्यालगतचे एक लहान दार उघडले. दोराची शिडी खाली आली. होडी लाटेवर वर आली, खाली गेली, वर आली. एक माणूस शिडीवरून पाठमोरा उतरला, शेवटच्या पायरीवर थांबला, लाट वर येईपर्यंत वाट पाहिली आणि टुणकन होडीत उतरला. तिथे दुसऱ्याने त्याला दंडाला धरले.

आईने टाळ्या वाजवल्या. एकटीने. आजूबाजूच्या नाचणाऱ्या लोकांना वाटले तिला गाणे आवडले.

“ह्यो पडाव,” ती मला म्हणाली. “अस्सोच. लाट वर येयसर थांबाचा. खाली जाताना पाय टाकलंस तर मेलंस.” मग तिने मला सगळे पुन्हा सांगितले, मी लहानपणापासून ऐकलेले, पण या वेळी हाताने लाट करून, कमरेत वाकून. वेंगुर्ल्याच्या एका बाईची पिशवी पाण्यात पडली होती, त्यात नवऱ्यासाठी नेलेले कुळथाचे पीठ होते, हे मी पहिल्यांदाच ऐकले. पायलटची होडी वळून मायामीकडे गेली, ठिपका होईस्तोवर ती बघत राहिली.

रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावरचा वाढपी गोव्याचा निघाला. मला नवल वाटायला नको होते. जगातल्या जहाजांवर गोवेकर नाही असे होत नाही, तिकडे त्यांना तारवटी म्हणतात आणि गावोगाव एखादे तरी घर तारवाच्या पैशांवर बांधलेले असते. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर ‘इंडिया’ वाचून आईने विचारले, “खंयचो रे तू?”

तो दोन क्षण गप्प झाला. मग म्हणाला, “मडगांवचो, मावशी.”

झाले. मालवणी आणि कोंकणी एकमेकींना धरून चालतात, मध्ये थोडी ठेच लागते एवढेच. त्याचे आठ महिन्यांचे कंत्राट होते, पाच झाले होते. घरी मुलगी, दुसरीत. दोन पाळ्या, मध्ये थोडी झोप. पाण्याखालच्या मजल्यावर दोघांत एक खोली. हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. आईने विचारले म्हणून सांगितले, आणि आई पगार सोडून सगळे विचारते. मेनूवरचे मासे बघून ती म्हणाली, ताजा कुठला? त्याने आवाज खाली आणला. “ताजें कांय ना, मावशी. सगळें बर्फाचें.” आई हसत सुटली. चहूकडे दर्या आणि मासा बर्फाचा. उद्यापासून तुम्हाला डाळ, भात, भाजी वेगळी सांगून ठेवतो, म्हणाला. असे आदल्या दिवशी सांगून ठेवले तर करून देतात, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे. त्या डाळीला फोडणी होती. आयुष्यात फार कमी गोष्टींची मला इतकी कदर वाटली आहे.

माणशी रोज अठरा-वीस डॉलर बक्षिसी आपोआप बिलात लागत होती. आईला ते कळल्यावर तिने शेवटच्या दिवशी त्याच्या हातात वेगळे पाकीट दिले. बिलातले बिलात.

पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. खोली पूर्ण शांत. मग एक बारीक आवाज. कपाटात रिकामे हँगर एकमेकांवर हळूच आपटत होते. टिक. बऱ्याच वेळाने पुन्हा टिक. पलंगाला डोके टेकवून पडले तर अगदी मंद, दीर्घ श्वासासारखे काहीतरी वर आणि खाली होत होते. या जहाजाच्या तळाला हवेचे बुडबुडे सोडतात म्हणजे पाण्याचे घर्षण कमी व्हावे, दोन्ही बाजूंना डोलणे आवरणारे पंख असतात. इतके करूनही समुद्राने हँगरपुरती जागा शोधली होती. शेजारच्या खोलीचे दार हळूच वाजवले. आई जागीच होती.

“हलता हां,” तिने कुजबुजत सांगितले, जणू काही सणाची बातमी. लेक गाढ झोपलेली. आईच्या गालात आवळासुपारी होती. मळमळतेय का विचारले तर म्हणे, नाही, पण बोट हलतेय आणि तोंडात काही नाही हे बरे दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाळीचा दिनक्रम बसला. सकाळी साडेसहाला आई बाल्कनीत. खाली बागेत माळी झाडांना पाणी घालत असत. पाखरांची किलबिल यायची, पण पाखरू कुठे दिसेना, मग लेकीने झुडपात लपवलेला स्पीकर शोधून दाखवला. समोर, एक मजला खाली, पिवळ्या गाऊनमधली एक म्हातारी कॉफीचा कप घेऊन येई. आईच्या हातात पिशवीचा फुळकवणी चहा. पहिल्या सकाळी दोघींनी एकमेकींकडे बघून न बघितल्यासारखे केले. दुसऱ्या सकाळी मान हलली. तिसऱ्या सकाळी आईने कप वर करून दाखवला आणि तोंड वाकडे केले. म्हातारीने आपला कप दाखवून तस्सेच तोंड वाकडे केले. मग त्या रोज बोलायच्या. ती स्पॅनिशमध्ये, आई मराठीत, बाग ओलांडून. चौथ्या दिवशी म्हातारी आली नाही तर आई दहा वाजेपर्यंत आत यायला तयार नव्हती. मधल्या बंदरांत काय बघितले ते आईला आता विचाराल तर धड सांगता येणार नाही, पण म्हातारी त्या दिवशी उशिरा, केस रंगवून आली, हे ती सांगेल.

समुद्र बघायला मात्र ती रोज संध्याकाळी मला घेऊन जायची. वर नाही. वरून तो नकाशासारखा दिसतो. लाइफबोटींच्या खालून जाणारी एक अरुंद वाट आहे, तिथे सावली असते, वारा असतो, आणि लाट फुटल्याचा आवाज ऐकू येतो. आठ-दहा हजार माणसांच्या गावात तिथे एका वेळी वीसदेखील नसत. एकदा तिथूनच तिने मालवणला मावशीला व्हिडिओ कॉल लावला. पूर्वी मुंबईला पोचल्यावर ‘पोचलो’ एवढे पत्र जायला आठवडा लागायचा. आता भर समुद्रात मावशीचा चेहरा लख्ख. आईने फोन उलटा करून पाणी दाखवले. मावशी म्हणाली, “आमच्या दारात आसा तोच मां?”

शेवटच्या आदल्या दिवशी जहाज बहामाजमधल्या कोकोके बेटावर लागले. बेट कंपनीच्या ताब्यातले, झोके-घसरगुंड्यांनी भरलेले. आई सकाळपासून तयार होऊन बसली होती. पदर खोचलेला, चपला पिशवीत, पायांत बूट. मी विचारले, एवढी लगबग कसली? तिला वाटले होते बेट आहे म्हणजे होडीने जायचे. छोट्या बेटांना अजूनही पुष्कळदा तसेच जावे लागते, ती चुकीचे धरून बसली नव्हती. पण तिथे लांबलचक धक्का बांधलेला आहे, दार उघडले की सरळ चालत सुटायचे. ती दारात क्षणभर थांबली, खाली पाणी किती आहे बघितले आणि चालू लागली. धक्का संपेपर्यंत काही बोलली नाही.

शनिवारी पहाटे मायामी. बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर गेल्या होत्या. आईने आपली दिली नाही, स्वतः ओढत आणली. खाली उतरलो, कॅमेऱ्याने पुन्हा चेहरे ओळखले. बाहेर पडायच्या आधी एका लांब टेबलावर जप्त केलेल्या वस्तू मांडल्या होत्या. इस्त्र्या, एक्स्टेन्शनच्या वायरी, मेणबत्त्या आणि पंधरा-वीस किटल्या, जवळजवळ सगळ्या सारख्या. लाल दोऱ्याची आईने लांबूनच ओळखली. मी पावती शोधत होते तेवढ्यात शेजारून एक हात आला आणि कॉफीचे एक छोटे यंत्र उचलले. पिवळा गाऊन नव्हता, निळा ड्रेस होता, पण रंगवलेले केस तेच.

इतक्या जवळून दोघी एकमेकींना ओळखायला थोडा वेळ लागला. मग म्हाताऱ्या इतक्या मोठ्याने हसल्या की पावत्या बघणारा माणूस वर पाहू लागला. एकीने किटली दाखवली, दुसरीने कॉफीचे यंत्र. माझा नवरा मागून म्हणत होता, आई, टॅक्सी आलीय. आईने पिशवीत हात घालून आवळासुपारीची उरलेली पुडी काढली, म्हातारीच्या तळहातावर ठेवली आणि आपल्या गालाला बोट लावून दाखवले, कुठे ठेवायची ते.